खांबाजवळची जागा

चष्मेकाकांना वाचताना तुम्ही ऐकलं असतं, तर तुम्हीही फसला असता. आवाजच तसा होता. नुसती वाणसामानाची यादी वाचली असती तरी माणसांनी मान खाली घालून ऐकली असती.

चर्चमध्ये दर रविवारी बायबलमधला मुख्य शास्त्रपाठ वाचायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. वाचणाऱ्यांच्या यादीत बाकीची नावं यायची आणि जायची, कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणाचा घसा. काकांचं नाव काही हललं नाही. उपासना संपल्यावर दारात कुणीतरी हमखास म्हणायचं, काय वाचलंत हो आज. त्यावर काका मान एका बाजूला कलती करून म्हणायचे, ‘माझं काय त्यात? मी आपला नळ. पाणी वरून येतं.’ एवढं म्हणून ते जागचे हलायचे मात्र नाहीत. समोरचा ‘छे छे, असं कसं’ म्हणाला की मगच त्यांचा पाय पायरीवरून खाली उतरायचा. नम्रपणा होताच हो त्यांच्यात, पण चारचौघांत उठून दिसेल असा.

चष्म्यांचं दुकान दोन खोल्यांचं. पुढे काचेची कपाटं आणि त्यांत फ्रेमांच्या रांगा. मागच्या खोलीत नंबर काढायची खुर्ची, मखमलीच्या खाचांत उभी केलेली भिंगं, नाकावर वळ उठवणारी ती जड लोखंडी फ्रेम, आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची धाकटी बहीण राहायचे. बहीण नवरा गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. काकांनी लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, कुणाशी नंबरच जुळला नाही. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता, की आता त्यावर फक्त बहीण हसायची. तेवढं बहिणीलाच जमतं.

आता भट्टीवाल्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हा चर्चच्या मागच्या गल्लीत बेकरीच्या भट्टीवर कामाला होता. भुवया कायम पिठानं पांढऱ्या, आणि अंगाला भाजक्या पावाचा वास, तो रविवारी धुतल्या कपड्यांतूनही यायचाच. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायचा पाव तोच आणून द्यायचा, फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट. आणि तो तोतरा होता. नुसतं ‘आज उकडतंय’ म्हणायला त्याला तीन श्वास लागायचे. तरी वाचनाच्या यादीत त्यानं स्वतःहून नाव दिलं होतं, आणि त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ते घेतलंही होतं. त्याची पाळी आली की लोक घड्याळाकडे बघायचे, पोरं बाकाखाली डोकी घालून खिदळायची. एखाद्या शब्दावर तो अडला की त्याची मान मागे जायची, डोळे घट्ट मिटायचे, घशातून नुसती हवा यायची. मग एकदाचा शब्द बाहेर पडायचा, आणि पुढच्या शब्दापाशी पुन्हा तेच.

कुणी कोणता पाठ वाचायचा ती यादी करायचं काम काकांकडे आलं, त्याच महिन्यात त्यांनी भट्टीवाल्याचं नाव काढलं. नुसती रेघ मारून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण नाही, स्वतः बेकरीत गेले समजूत घालायला. अगदी साखर पेरून बोलले. तुझ्या भक्तीबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, म्हणाले, पण प्रभूचं वचन असं लंगडत चाललेलं बरं दिसत नाही. भट्टीवाला लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात धरून ऐकत राहिला. मग ‘ब-ब-बरं’ म्हणाला आणि भट्टीकडे वळला. किती समंजस माणूस, असं काकांनी घरी येऊन बहिणीला सांगितलं. बहीण नुसती भाजी चिरत राहिली.

त्यानंतर भट्टीवाला दर रविवारी पहिल्या बाकाच्या टोकाला, खांबाला लागून बसायला लागला. काका वाचायला लागले की त्याचे ओठ हलायचे. काकांच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे, आवाज न करता सगळा पाठ तो म्हणायचा. मनातल्या मनात तो अडखळत नसावा. काकांना वरून ते ओठ दिसायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं, पण ओठ हलवू नकोस असं कुणाला सांगणार?

अकरा वर्षांपूर्वी तो गेला. जायच्या आधी दोन दिवस त्यानं काकांना बोलावणं पाठवलं होतं, पाठ वाचून दाखवा म्हणून. काका गेले. दुपारची वेळ होती, खोलीत पलंग आणि एक स्टूल, खिडकीतून बेकरीची चिमणी दिसत होती. त्याला ऐकायचा होता प्रेषिताच्या पत्रातला तो भाग, जिथे प्रेषित आपल्या अंगातल्या काट्याबद्दल, न जाणाऱ्या दुखण्याबद्दल लिहितो, तो काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवतो, आणि प्रभू उत्तर देतो, माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते. काकांनी सुरुवात केली. त्या उत्तरापाशी आल्यावर भट्टीवाल्यानं हात वर केला आणि पुस्तक मागितलं. ते एवढं वाक्य त्याला स्वतः वाचायचं होतं. पुस्तक छातीवर घेतलं, बोट ठेवलं, आणि पहिल्याच शब्दावर अडला. मान उशीत मागे गेली. घशातून हवा येत राहिली. काकांना दुकान उघडायचं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, थोडा म्हणजे थोडाच, आणि मग पुढे वाकून ते वाक्य स्वतःच म्हणून पुरं करून टाकलं, छान, घुमवून. भट्टीवाल्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. हसला आणि पुस्तक मिटून परत दिलं. काकांना ते हसणं पुढे कितीतरी वर्षं आठवलंही नाही. अशा गोष्टी लक्षात राहत नाहीत, ज्यानं केलेल्या असतात त्याच्या.

तर आता काकांच्या डोळ्यांकडे येऊ.

वर्षभरापूर्वी त्यांना सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या. दाराची चौकट मधेच पोटात शिरल्यासारखी दिसायची. मग ओळीच्या मधोमध एक करडा डाग आला, जिथे बघावं तिथेच नेमका. समोरच्याचे कान दिसायचे, केस दिसायचे, तोंड नाही. ही तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांना काकांनी स्वतः ‘एक दिवसही घालवू नका’ म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे पिटाळलं होतं. आपल्याला काय झालंय हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. पण माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला साधनं कमी पडत नाहीत. काका नंबर काढायच्या खुर्चीत बसले, एक डोळा झाकला आणि तक्ता वाचला. सगळ्या ओळी, अगदी तळातल्या बारीक ओळीसकट. मग दुसरा डोळा झाकला. तोही उत्तम. मग काय, डोळे ठणठणीत आहेत, असं ठरलं. इतकी वर्षं लोकांकडून तोच तक्ता वाचून घेतलेला, झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी उलटासुद्धा म्हणून दाखवला असता, ही गोष्ट त्यांनी विचारात घेतली नाही.

पाठाचं मात्र तसं जमणार नव्हतं, दर रविवारी नवा असायचा. त्यावर त्यांनी तोड काढली. शनिवारी दुपारी चहाच्या वेळी बहिणीला म्हणायचे, जरा वाच बघू उद्याचा पाठ, तुझे उच्चार सुधारले का पाहतो. ती बोट ठेवून वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा वाच म्हणायचे, पुन्हा. अर्ध्या शतकाची ऐकण्या-वाचण्याची सवय होती, निम्म्याहून जास्त पाठ त्यांना आधीच येत असायचा. रविवारी पुस्तक उघडायचं, पानावर नजर लावायची, वेळेवर पान उलटायचं. बहिणीनं हे किती दिवसांत ओळखलं ते तिचं तिला माहीत. बोलली नाही एवढं खरं.

आणि एका रविवारी ते मधेच अडले.

पाठात साधी यादी होती, माणसांची आणि गावांची नावं, एकामागून एक. काका धडाधड म्हणत गेले आणि एकदम पुढचं काही येईना. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं. समोर सगळी मंडळी, तोंडं नसलेली, नुसते कान आणि केस. त्यांनी खोकल्याचं नाटक करायला हात तोंडापाशी नेला, तेवढ्यात खालून, खांबाच्या बाजूनं, कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आ-आ-आणि,’ आणि मग पुढचं नाव.

काकांनी तेच म्हटलं. त्यापुढचं नावही खालून आलं, अडखळत, पण वेळेवर. पाठ संपला. पुस्तक मिटताना त्यांच्या नाकात भाजक्या पावाचा वास शिरला. बेकरी बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

घरी जाताना त्यांनी बहिणीला आडून विचारलं, आज खांबापाशी कोण बसलं होतं गं? ती म्हणाली, तिथे कोण बसणार? भट्टीवाला गेल्यापासून कुणी बसत नाही. बसू नका असं कुणी सांगितलेलं नाही, पण नाही बसत.

पुढच्या रविवारी पुन्हा झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. पाचावर धारण बसायला हवी होती, पण काकांचं उलटंच. भीती दोन आठवड्यांत ओसरली आणि तिच्या जागी काय आलं म्हणता? गुदगुल्या. आपल्यालाच सांगितलं जातंय, इतक्या लोकांत फक्त आपल्याला, असं त्यांना वाटायला लागलं. देवानं आपल्या वाचकाच्या मदतीला दूत धाडला म्हणून त्यांनी गुडघे टेकून आभारही मानले. देवदूत तोतरा कसा असेल, हा प्रश्न काही त्यांनी स्वतःला विचारला नाही. शनिवारचं पाठांतरही ढिलं पडलं. दारात लोकांना नळाचं सांगताना आवाजात आता एक वेगळाच गहिवर असायचा.

पण तो आवाज जागा बदलत होता. आधी खांबापाशी होता. मग पायरीपाशी आला. एका रविवारी तो वाचनाच्या मेजाच्या अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवरून आला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी थेट उजव्या कानाशी. गाल एका बाजूनं तापला, भट्टीचं दार उघडल्यावर तापतो तसा. शब्द यायच्या आधी तो श्वास ऐकू यायचा, घशात अडकून राहिलेला, ओढलेला, आणि तो सुटेपर्यंत काकांनाही आपला श्वास सोडता यायचा नाही. त्या दिवशी पाठ संपल्यावर ते दारात थांबलेच नाहीत, थेट घरी आले.

दुपारी बहीण त्यांचा काळा कोट ब्रशनं झटकत होती. झटकता झटकता थांबली.

‘दादा, हे पीठ कुठून लावून आलास?’

उजव्या खांद्यावर, म्हणाली, चार बोटं आणि मागे अंगठा, अगदी स्पष्ट. काका म्हणाले भिंतीचा चुना असेल. तिनं बोट लावून बघितलं आणि चुना नाही एवढंच म्हणाली. मग कोट उन्हात टाकला. त्या आठवड्यात काकांना जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी शिवणवाल्या बाई आल्या. चर्चमधल्याच, काकांच्या जुन्या गिऱ्हाईक. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा येत होत्या. नवा चष्मा लावला की डोकं ठणकतं, सुईत दोरा जात नाही, काल तर बोटातच सुई घुसवून घेतली, असं त्यांनी बिचकत बिचकत सांगितलं. जणू चूक त्यांचीच. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली, भिंग सरकवलं, आणि नेहमीसारखे तक्त्याकडे पाठ करून उभे राहिले. तक्ता बघायची त्यांना गरजच काय होती? खालून तिसरी ओळ, म्हणाले.

‘न, ट, घ, भ, क,’ बाई म्हणाल्या.

चुकलं, काका म्हणाले. ती ओळ र, ख, भ, ण, ल अशी होती, गेली तीस वर्षं. त्यांनी अजून जाड भिंग घातलं. आता वाचा. बाईंनी डोळे ताणले, पाणी आलं ते पुसलं, आणि पुन्हा तेच वाचलं. हल्ली लोकांचे डोळे फारच बिघडायला लागलेत, असं काका गेले काही आठवडे बहिणीला म्हणत होते. त्यांनी तिसरं भिंग उचललं.

आणि त्यांच्या पाठीमागून, भिंतीच्या बाजूनं, जिथे तक्ता आणि चुना याशिवाय काही नव्हतं, आवाज आला.

‘न... ट... घ-घ-घ...’

एकेक अक्षर, घशातून ओढून काढलेलं. भ. मग बराच वेळ नुसता श्वास. मग क.

काकांच्या हातातलं भिंग खुर्चीच्या हातावर आपटलं. भर सकाळ होती, रस्त्यावरून सायकली जात होत्या, पुढच्या खोलीत ऊन होतं, आणि त्यांच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. काका, तुमचा हात केवढा गार पडलाय, बाई म्हणाल्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

काकांनी बहिणीला हाक मारली. ती खाली आली. तक्त्याला काही केलंस का, असं त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

‘बदलला ना,’ ती म्हणाली. ‘जुना पिवळा पडला होता. तीन महिने झाले. मी सांगितलं होतं तुला, दादा. तू म्हणालास, पाहिला, छान आहे.’

काका भिंतीपाशी गेले, नाक टेकेपर्यंत. डोकं तिरकं केलं, कारण कडेकडेनं अजून थोडं दिसायचं. वरच्या मोठ्या ओळी तशाच होत्या. खालच्या सगळ्या वेगळ्या. न, ट, घ, भ, क. तीन महिने माणसं त्या खुर्चीत बसून बरोबर वाचत होती आणि ते त्यांना चुकलं म्हणत होते. एकानंही उलट उत्तर दिलं नव्हतं. चष्मेकाका म्हणताहेत म्हणजे आपलेच डोळे फुटले, असं म्हणून सगळे जाड काचा लावून, डोकी धरून फिरत होते.

बहिणीनं बाईंना जुना चष्मा घालायला सांगून, गोड बोलून घरी पाठवलं. मग ती त्यांच्यासमोर येऊन बसली. उद्याच सांगून टाक, म्हणाली, पाळकसाहेबांना आणि सगळ्यांनाच. काकांनी भिंग चाचपून मखमलीच्या खाचेत ठेवलं. मग म्हणाले, सोमवारी सांगतो. उद्या तीस वर्षं पूर्ण होताहेत, पाळकसाहेब चार शब्द बोलणार आहेत माझ्याबद्दल. उद्याचं एकदा वाचून होऊ दे.

‘वाचून?’ ती म्हणाली.

एवढंच. आणि त्या दिवशी तिनं पाठ वाचून दाखवला नाही. पुस्तक टेबलावर ठेवून वर निघून गेली. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? काका एकटे बसले. दुसऱ्या दिवशीचा पाठ कोणता ते यादीत होतं आणि यादी त्यांनीच केली होती. प्रेषिताचं पत्र, काट्याचा भाग. तेव्हा कुठे, अकरा वर्षांनी, त्यांना ती दुपार आठवली, छातीवरचं पुस्तक, उशीत मागे गेलेली मान, आणि ते हसणं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. पाळकसाहेबांच्या खिशात चार शब्दांचा कागद होता, दोनदा हात लावून त्यांनी तो आहे याची खात्री केली. काका मेजापाशी गेले. पुस्तक उघडलं. पानावर करडा डाग, त्याच्या कडेनं थोडी मुंग्यांसारखी अक्षरं. तरी मनाच्या तळाशी आशा होती, लबाड आशा. तो येईल आणि आजचा दिवस निभावून नेईल.

तो आला. आधी वास, मग गालाला धग. मग कानाशी पहिला शब्द, अडखळत. काकांनी तो उचलला आणि आपल्या घुमणाऱ्या आवाजात पुढे दिला. दुसरा शब्द. तिसरा. असे ते दोघं काट्यापर्यंत आले, तीन विनवण्यांपर्यंत आले. आता उत्तराचं वाक्य. आणि तिथे, पहिल्याच शब्दापाशी, कानाजवळचा तो श्वास अडकला.

काका थांबले. त्यांना ते वाक्य येत होतं. तुम्हाला सांगायला हवं, ते वाक्य त्यांना स्वतःच्या नावाइतकं येत होतं, आणि त्याच्या पुढचं सगळंही. इथून पुढे त्यांना कुणाची गरज नव्हती. म्हणायचं आणि सुटायचं. मग पाळकांचे चार शब्द, मग दार, मग नळ. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती.

कानाशी घशातून हवा येत होती. मान मागे गेल्याचं त्यांना न बघता कळत होतं. इतक्या जवळून त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. एक शब्द बाहेर काढायला माणूस एवढा झगडतो, सगळ्यांदेखत, हसणाऱ्या पोरांदेखत, आणि तरीही पुढच्या आठवड्याला यादीत नाव देतो. काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली. मेजाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वाट पाहिली.

मंडळी चुळबुळायला लागली. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी मान वर केली. मागे एक लहान पोर काहीतरी बोललं आणि त्याला गप्प केलं गेलं. काका उभेच. खांद्यावर चार बोटं टेकली, मागे अंगठा, तापलेली. शर्टाच्या आतून चटका बसला तरी ते हलले नाहीत. असा किती वेळ गेला ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. मग काकांची मान मागे गेली, डोळे घट्ट मिटले, घशातून नुसती हवा आली, एकदा, दोनदा, आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज बाहेर पडला तो त्या चर्चनं तीस वर्षांत ऐकला नव्हता.

‘म-म-मला दिसत नाही.’

बाकांखालची पोरांची डोकी वर आली.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वर्षभर दिसत नाही. मी वाचत नाही, पाठ केलेलं म्हणतो. तेही विसरलो तर दुसऱ्याच्या जिवावर म्हणतो. कुणाच्या ते त्यांनी सांगितलं नाही. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी माझ्याकडून चष्मा घेतला त्यांनी तो काढून ठेवा, तुमचे डोळे बरोबर होते. शिवणवाल्या बाई, तुम्ही बरोबर वाचत होतात. प्रत्येक वाक्यात ते दोनदा तीनदा अडले, आणि नवल म्हणजे कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी खिशातला कागद चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला.

बहीण उठून पुढे आली. तिनं काकांचा हात मेजावरून सोडवला आणि पुस्तकावर आपलं बोट ठेवलं. पानाच्या कडेला पांढरा अंगठा उमटलेला तिला दिसला असणार, कारण ती क्षणभर थबकली, पण तिनं तो पुसला नाही. मग ते उत्तराचं वाक्य ती हळूहळू, शाळेतल्या मुलीसारखी वाचायला लागली.

काका चाचपडत पायरी उतरले. कुणीतरी हात पुढे केला तो त्यांना दिसला नाही. हाताला खांब लागला तसे ते पहिल्या बाकाच्या टोकाला बसले. लाकूड गरम होतं, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं. ते दचकले, पण उठले नाहीत. त्यांचे ओठ आपोआप हलायला लागले, बहिणीच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे, आवाज न करता. आणि मग शेजारून, त्यांच्याही अर्धा शब्द मागे, कुणीतरी श्वास घेतला.

काका जरा सरकून बसले.